नमुना चारशे सतरा

खोकला तीन आठवडे अंगावर काढणाऱ्या बायकांना रूथ साळवे नोकरीभर रागावत आल्या, आणि बासष्टाव्या वर्षी त्यांनी स्वतः पाच आठवडे काढले. आधी म्हणाल्या, कडब्याची धूळ आहे. मग म्हणाल्या, हवा बदललीय. सहा किलो वजन उतरलं तेव्हा म्हणाल्या, बरंच झालं, साखर आटोक्यात येईल. शेवटी सुवार्तानं, त्यांच्या लेकीनं, एक दिवस शाळेत रजा टाकली आणि त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या मुलीनं एक पांढरी नळी हातात दिली आणि दहा मिनिटं नुसता श्वास सोडायला सांगितला. अकराव्या मिनिटाला यंत्रावर आकडा उमटला, दोनशे चौदा.

रूथबाईंना त्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. त्या छातीच्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं सिस्टर होत्या.

त्यांच्या वेळी थुंकीचा डबा लागायचा. काचपट्टी रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या मोजायच्या. २०४३ साली ते सगळं मागे पडलं होतं. क्षयाचा जंतू खोकल्यातूनच उडतो असं नाही, साध्या श्वासातूनही तो बाहेर पडतो, हे कळल्यावर श्वासमापक आला. नळीतल्या बारीक जाळीवर जंतू अडकतात आणि त्यातले जिवंत किती ते यंत्र मोजतं. ज्याच्या श्वासात जंतू आहेत त्यानं रुग्णालयात राहायचं. सलग तीन दिवस आकडा शून्य आला की त्यानं घरी जायचं. बहुतेकांचं दहा-बारा दिवसांत आटपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवार्तानं आईला उंबरदऱ्याच्या टेकडीवर सोडलं. हे रूथबाईंचंच जुनं रुग्णालय. जुन्या इमारती पाडून तिथं नवी, बुटकी, पांढरी इमारत बांधली होती. निवृत्तीनंतर त्या इकडे फिरकल्या नव्हत्या.

खोली एकटीची होती. डॉ. झुबेदा मोमीन, तिशीतली, चेहऱ्यावर पारदर्शक मुखवटा घातलेली डॉक्टर, खुर्ची ओढून समोर बसली.

"मावशी, तुम्हाला मी काय सांगू? पण सांगायचा नियम आहे."

"सांग ना. मीही सांगायचे. ऐकायची वेळ पहिल्यांदाच आलीय."

"या खोलीतली हवा बाहेरच्या बोळात येत नाही, वर ओढली जाते. दार उघडताना जड लागेल ते त्यामुळे. छताजवळ तो निळा दिवा आहे ना, त्यानं हवेतले जंतू मरतात. आज दंडात एक इंजेक्शन, महिन्यानं दुसरं, तिसऱ्या महिन्यात शेवटचं. गोळ्या फक्त पहिले पंधरा दिवस. लघवी केशरी होईल, घाबरू नका. सकाळ-संध्याकाळ नळीत श्वास. भेटायला येणारे काचेपलीकडून बोलतील. जेवण काय हवं ते त्या पडद्यावर सांगायचं."

"अंडं मिळतं का अजून?"

"मिळतं."

"मग ठीक आहे," रूथबाई म्हणाल्या. "बाकी बदललं तरी चालेल."

पण बदलाचा त्रास झालाच. पहिले तीन दिवस त्यांना कळेना की कशानं जीव कासावीस होतोय. ताप उतरत होता, भूक लागत होती, आकडा दोनशे चौदावरून एकशे साठ आणि मग नव्वदवर आला होता. तरी दुपारी दोननंतर खोली खायला उठायची. मग त्यांच्या लक्षात आलं, खोलीत आवाज नव्हता.

इथं, या खिडकीच्या जागी, तिसऱ्या वॉर्डाचा व्हरांडा होता. वीस खाटा. सकाळी आठला ऊन व्हरांड्यात आलं की खाटाच बाहेर ओढायच्या. लोखंडी पायांचा फरशीवरचा तो करकराट खाली नाक्यावर ऐकू जायचा. बायका एकमेकींच्या वेण्या घालायच्या. रविवारी केस धुवायचे, त्यासाठी दोन मोठी घंगाळं होती आणि त्यावरून भांडणं. कुणाच्या घरून शेंगा आल्या की त्या चहाच्या पातेल्यात उकडायच्या. कुणी सहा महिने राहायचं, कुणी वर्षभर. एखादी बरी होऊन निघाली की उरलेल्या एकोणीस जणी फाटकापर्यंत जायच्या आणि परत येताना गप्प असायच्या. एखादी फाटकातून न जाता मागच्या दारानं जायची, तेव्हाही गप्प असायच्या.

ते दिवस चांगले नव्हते, हे रूथबाईंइतकं कुणाला माहीत असणार? किती जणींचे डोळे त्यांनी स्वतः मिटले होते. तरी आता त्या बारा दिवसांत बरं करणाऱ्या खोलीत बसून त्यांना त्या करकराटाची आठवण यायची आणि स्वतःचाच राग यायचा.

चौथ्या दिवशी दुपारी डॉ. मोमीन आली ती हातात काहीतरी घेऊन. आज तिची बोलायची घाई दिसली नाही.

"मावशी, तुमचा जंतू वाचून झाला."

जंतू वाचणं ही नवी गोष्ट नव्हती, पण आता ती प्रत्येकाच्या बाबतीत करत. क्षयाच्या जंतूच्या आत चव्वेचाळीस लाख अक्षरांचा एक मजकूर असतो. जंतू एकाचे दोन होताना तो मजकूर उतरवून काढतो आणि उतरवताना दोनेक वर्षांत एखादं अक्षर चुकतं. फुफ्फुसात झोपून असला तर त्याहूनही कमी. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच उतरते. म्हणून दोन माणसांचे जंतू शेजारी ठेवून चुका मोजल्या की सांगता येतं, हे एकमेकांचे किती जवळचे. कोणतं औषध लागू पडेल तेही त्याच मजकुरात असतं, वाचायचं ते मुख्यतः त्यासाठी. पण राज्याच्या प्रयोगशाळेनं चाळीस वर्षांतले लाखभर नमुने उणे ऐंशी अंशांत राखून ठेवले होते, आणि गेल्या दोन वर्षांत ते सगळे वाचून झाले होते. त्यामुळे आता प्रत्येक नव्या रुग्णाला एक प्रश्न हमखास विचारला जाई, हा आजार तुम्हाला कुणाकडून आला असेल?

"तुमच्या जंतूत आणि एका जुन्या नमुन्यात फक्त दोन अक्षरांचा फरक आहे," डॉक्टर म्हणाली. "म्हणजे मधे तिसरं कुणी नाही. त्या माणसाकडून थेट तुमच्याकडे. आणि मग बत्तीस वर्षं तो तुमच्यात झोपून होता. वय झालं, साखर वाढली, उठला." तिनं हातातला पडदा वळवला. "नमुना चारशे सतरा, सन दोन हजार अकरा. याच रुग्णालयातला. बाई, वय तेवीस. औषधांना दाद न देणारा क्षय. नाव आहे, पण पत्त्यावर त्या नावाचं कुणी कधी राहतच नव्हतं."

रूथबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तिथं तीन ठिपके होते, रेषांनी जोडलेले. एक मोठा, त्याला जोडलेला एक त्यांचा.

"हा तिसरा कोणाचा?"

"तिसरा दोन हजार तेरामधला. सतरा वर्षांची मुलगी. साखर कारखान्यावरून दवाखान्यात आणली होती, ऊसतोडणीच्या टोळीतली. चार दिवसांत गेली. तिचाही पत्ता नाही, कारखान्याचं नाव तेवढं." डॉक्टरनं पडदा खाली ठेवला. "आणि मावशी, हे राखून ठेवलेल्या नमुन्यांतले ठिपके. सगळीकडचे नमुने तेव्हा कुणी राखत नव्हतं. खरे किती असतील ते माहीत नाही. त्या घरात आज कुणी असेल, कुणाच्या छातीत झोपलेला जंतू असेल, तर एका इंजेक्शनचं काम आहे. पण घर सापडायला हवं. तुम्हाला ही बाई आठवते?"

"मला उद्या विचार," रूथबाई म्हणाल्या.

द्रौपदा गर्जे त्यांना आठवत नव्हती असा एक महिना गेल्या बत्तीस वर्षांत गेला नव्हता.

पाथर्डीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची बाई. अंगावर पिणारं लेकरू सासूजवळ ठेवून आली होती. तेव्हा असल्या क्षयाला दोन वर्षं औषध लागायचं आणि त्यातले आठ महिने रोज एक इंजेक्शन. ते इंजेक्शन जंतू मारायचं आणि जाता जाता कानही मारायचं. सगळ्यांचे नाही, पण पुष्कळांचे. द्रौपदाला चौथ्या महिन्यात कानात किडे बोलल्यासारखं होऊ लागलं. पाचव्या महिन्यात मागून हाक मारली तर ती वळेना. डॉक्टर म्हणाले, थांबवलं तर मरेल. इंजेक्शन रूथच देत होती, रोज, सकाळी दहाला.

मग द्रौपदानं ओठांवरून बोलणं ओळखायला सुरुवात केली. पण वॉर्डात शिरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मास्कखाली. तिला दिवसभर नुसते डोळे दिसायचे आणि कुणी आपल्याला रागावतंय की समजावतंय तेही कळायचं नाही. एका सकाळी ती भिंतीला डोकं लावून रडत होती. तीस वर्षांच्या रूथनं तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, समोर बसवलं आणि स्वतःचा मास्क खाली केला. "हळू बोलते. बघ माझ्याकडं," म्हणाली. त्यानंतर रोज दहा मिनिटं. दोन महिने. उघडी हवा आहे, वारा आहे, काही होत नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली.

आणि सातव्या महिन्यात द्रौपदा म्हणाली, "सिस्टरबाई, माझं लेकरू बोलाया लागलं असंल. थोडं थोडं आईकू येतंय तवर मला जाऊ द्या. एकदा कान गेले की मला त्याचा आवाज कसा कळंल?"

रूथनं तिला दोन दिवस अडवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी महिन्याच्या गोळ्या पिशवीत भरून दिल्या, लेकराला छातीशी धरू नको, वेगळी झोप, तोंडाला पदर लाव, असं दहादा सांगितलं आणि फाटक उघडलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, "बदली. पुढील औषध गावी." पत्ता मुद्दाम चुकीचा लिहिला. खरा लिहिला असता तर दारात सरकारी गाडी उभी राहिली असती आणि सासूनं त्याच दिवशी तिला बाहेर काढलं असतं.

पत्र आलं नाही. निरोप आला नाही. रूथनं तिला मेलेली धरलं आणि कामाला लागली.

संध्याकाळी सुवार्ता काचेपलीकडे येऊन बसली. डबा नव्हता, पिशवी नव्हती. तिचीही तपासणी झाली होती. श्वास स्वच्छ होता, पण रक्तात खूण सापडली. झोपलेले जंतू.

"मला आजच इंजेक्शन दिलं. काही नाही त्यात," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, या पाच आठवड्यांत लागले असतील, नाहीतर आधीचेही असतील. झोपलेले वाचता येत नाहीत म्हणे." मग तिनं आईकडे पाहिलं. "आई, डॉक्टरांनी त्या दोन जुन्या नमुन्यांचं सांगितलं. ती बाई कोण होती?"

रूथबाईंनी सगळं सांगितलं. इंजेक्शन, कान, व्हरांडा, फाटक. सांगताना दोनदा खोकला आला.

"मी तेव्हा चार वर्षांची होते," सुवार्ता शेवटी म्हणाली. "तू तिकडं मास्क काढून बसायचीस आणि घरी येऊन मला कुशीत घ्यायचीस?"

"हात धुवायचे. कपडे बदलायचे."

"आई!"

"हो," रूथबाई म्हणाल्या. "घ्यायचे."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

सुवार्ता उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र वर्गात असतो तसा सरळ होता. "तुला तिची दया आली, ते मी समजू शकते. मला नाही रागवायचं त्यावरून. पण त्या सतरा वर्षांच्या मुलीचं काय? तीही कुणाच्या घरची असेल ना? तू पत्ता खरा लिहिला असतास तर कुणीतरी गेलं असतं तिथं."

"आजपर्यंत मला एकच माहीत होतं, की मी एका बाईला फाटक उघडून दिलं," रूथबाई म्हणाल्या. "आज दुपारी कळलं, दुसरी पण होती."

"मग उद्यावर का टाकलंस?"

उत्तर इतकंच होतं की पत्ता सांगितला की रजिस्टरमधली खोटी नोंद उघडी पडणार, आणि उंबरदऱ्याच्या सिस्टर साळवे म्हणजे शिस्तीच्या बाई, असं तीस वर्षं सगळे म्हणत आले होते. त्यांना त्याची लाज वाटली. त्यांनी घंटीचं बटण दाबलं. डॉ. मोमीन आली तशी त्या म्हणाल्या, "लिहून घे. सगळंच लिही, मी काय केलं तेही. तांबडेवस्ती, पाथर्डी तालुका. नवऱ्याचं नाव कारभारी गर्जे. मुलगा नवनाथ, आज तेहतीस वर्षांचा असेल."

डॉक्टरनं लिहून घेतलं. मान वर केली. "मावशी, उद्याच आमचा माणूस जाईल," एवढंच म्हणाली.

"साध्या गाडीनं जाऊ दे. पाटी नसलेल्या."

"मी जाते त्याच्याबरोबर," सुवार्ता म्हणाली.

पुढचे दिवस रूथबाईंनी आकड्यांवर काढले. एकेचाळीस. बावीस. सात. सुवार्ताचा फोन सहाव्या दिवशी आला, तोही दोनच वाक्यांचा. "सापडलं घर. आल्यावर सांगते." आली तेव्हा तिनं काचेला कपाळ टेकवलं. "जिवंत आहे आई. ठणठणीत आहे. बोलते, पण ऐकू अजिबात येत नाही. मुलाच्या रक्तात खूण सापडली, त्याला इंजेक्शन दिलं. नातवंडं स्वच्छ आहेत."

"आणि ती मुलगी?"

"ते ती स्वतः सांगणार आहे. म्हणाली, सिस्टरला माझ्या तोंडानं सांगते."

दहाव्या दिवशी पहिलं शून्य आलं. मग दुसरं. बाराव्या दिवशी सकाळी तिसरं. यंत्रानं हिरवा दिवा लावला आणि खोलीचं जड दार पहिल्यांदाच हलकं उघडलं. रूथबाई आपली पिशवी घेऊन बाहेर बागेत आल्या. अंगावर ऊन पडलं तशा त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या.

कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर एक बाई बसली होती. काळीसावळी, किडकिडीत, डोईवर पदर, पायांत नव्या चपला. रूथबाईंनी तिला ओळखलं नसतं. ती उठून उभी राहिली ती कमरेवर एक हात ठेवून, डावा खांदा जरा वर, आणि त्यावरून ओळखलं.

"म्हाताऱ्या झाल्या की हो सिस्टरबाई," द्रौपदा म्हणाली. बहिऱ्या माणसाचा असतो तसा सपाट, मोठा आवाज. बागेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

दोघी शेजारी बसल्या. द्रौपदाच्या हातात फोन होता, समोरचं बोलणं त्यावर लिहून दाखवणारा. रूथबाई दोन वाक्यं बोलल्या, द्रौपदानं ती वाचली आणि फोन कमरेला खोचला. "लई चुकीचं लिव्हतंय. तुम्ही तोंडानंच बोला. मला समजतं."

मग तिनं सांगितलं. तिनं नियम पाळले होते. घरात गेलीच नाही. खळ्यापलीकडं शेळ्यांचं छप्पर होतं, त्यात राहिली. नवनाथला सासू अंगणात आणून सोडायची आणि तो लांबून बोलायचा. "आईकलं मी. चार महिने आईकलं. मंग गेले कान." गोळ्या महिन्यात संपल्या. नव्या आणायला जायची हिंमत झाली नाही, कारण आपण पळून आलोय असं तिला वाटत होतं. सगळ्यांना तिनं लांब ठेवलं, एकटी नणंद ऐकायची नाही. हिरा. पंधरा वर्षांची. भाकरी घेऊन यायची, तिथंच बसायची, वहिनीची वेणी घालायची. हाकललं तर हसायची.

"दोन वर्सांनी कारखान्यावर गेली. तिथंच रगत पडलं तोंडातून. मला तिच्या मातीलाबी जाता आलं न्हाई." द्रौपदानं पदरानं तोंड पुसलं. "तवा मग मी उठले. एकटी गेले, लांबच्या दवाखान्यात, दुसऱ्या जिल्ह्यात. दोन वर्षं पहिल्यापासून औषध खाल्लं. एक दीस चुकवला न्हाई. हिरीच्या नावानं खाल्लं."

वरून कडुनिंबाची पिकली पानं पडत होती.

"मी तुमच्यावर लई वर्सं राग धरला, सिस्टरबाई. म्हटलं, मी अडाणी, मला लेकराचं याड लागलेलं. पण ह्या शिकलेल्या. ह्यांनी मला अडवाया पायजे होतं. धरून ठिवाया पायजे होतं."

"हो," रूथबाई ओठ नीट हलवत म्हणाल्या. "अडवायला हवं होतं."

"आन् अडवलं असतं ना," द्रौपदा म्हणाली, "तर मी तुमाला जल्मात माफ केलं नसतं." तिनं पदरावरची पानं झटकली. "ह्याचं काय करायचं त्ये मला अजून समजलं न्हाई."

"मलाही नाही समजलं, द्रौपदा."

द्रौपदानं त्यांचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, दंडावरची इंजेक्शनची निळी खूण बघितली, त्यावरून अंगठा फिरवला. "माझ्यामुळं झालं तुमाला."

"नाही. माझ्यामुळं."

"बरं, तसं तर तसं," ती म्हणाली, आणि दोघींनाही एकदम हसू आलं. हसता हसता रूथबाईंना रडू आलं, मग द्रौपदालाही.

फाटकाशी सुवार्ता गाडी घेऊन उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हॉर्न वाजवायला उचललेला हात मागे घेतला. मग गाडी बंद करून ती सावलीला जाऊन बसली.

"ती कुसुम आठवती का?" द्रौपदानं विचारलं. "खिडकीजवळची. सारखी गानी म्हनायची."

"ती बरी होऊन गेली. पुढं अंगणवाडीत लागली."

"आन् रशिदाबी?"

रूथबाईंनी मान हलवली. द्रौपदानं तोंडानं च्च केलं. मग रखमा, मग ती घंगाळावरून भांडणारी, जिचं नाव दोघींनाही आठवेना आणि जिच्यावरून त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. एकेक खाट घेत त्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला निघाल्या होत्या. कोण गेली, कोण राहिली, कुणाला किती लेकरं झाली. बाराव्या खाटेपाशी आल्या तेव्हा खाली नाक्यावर पाथर्डीकडं जाणारी एसटी थांबली, थोडी उभी राहिली आणि निघून गेली.

द्रौपदाला तिचा आवाज ऐकू आला नाही. रूथबाईंनी ऐकला आणि तेराव्या खाटेवर कोण होतं ते आठवायला लागल्या.